चेहऱ्याशिवाय लागणारा माग

चित्र अगदी लहान आहे: ६४ ठिपके रुंद, १२८ ठिपके उंच. त्यात एक पाठमोरी मुलगी चालली आहे, खांद्याला पिशवी आहे, केस बांधलेले आहेत. चेहरा दिसत नाही, आणि दिसला असता तरी एवढ्या ठिपक्यांत तो एका पुसट डागापलीकडे गेला नसता. चित्राच्या फाइलला नाव आहे, मुलीला नाही. फाइलच्या नावात आधी चार आकडी क्रमांक येतो, मग कॅमेरा कितवा ते, मग चित्रफितीचा तुकडा, मग फ्रेम आणि शेवटी त्या फ्रेममधली, माणसाभोवती आखलेली चौकट. पुढचं चित्र उघडलं तर चार आकडी क्रमांक तोच, कॅमेरा मात्र वेगळा. आता तीच मुलगी समोरून दिसते आहे. उजेड बदलला आहे, पिशवी हाताआड गेली आहे. तरी ती तीच आहे हे कुणीतरी बसून ठरवलं आणि तसा क्रमांक टाकला.

हा 'मार्केट-१५०१' नावाचा डेटासेट, म्हणजे चित्रांचा संच. चीनमधल्या त्सिंगह्वा विद्यापीठात एका सुपरमार्केटसमोर ६ कॅमेरे लावून तो जमवला गेला आणि २०१५ साली जगासमोर आला. त्यात १५०१ माणसं आणि ३२,६६८ चौकटी आहेत. ज्या चौकटींत माणूस धड पकडला गेला नाही, त्यांना उणे एक असा क्रमांक दिला आहे आणि त्या गटाचं नाव 'जंक' आहे. कुणाचा तरी कोपर, कुणाचा तरी अर्धा पाय. एका संध्याकाळी मी ही चित्रं एकामागून एक उघडत बसले होते, आणि तेव्हापासून या विषयानं माझी पाठ सोडलेली नाही.

संशोधक याला 'पर्सन री-आयडेंटिफिकेशन' म्हणतात, बोलताना नुसतं 'री-आयडी'. शब्दाला शब्द लावायचा तर 'पुनर्ओळख' म्हणता येईल. मला मात्र 'माग काढणं' हा आपला जुना शब्द जास्त नेमका वाटतो. माग काढणाऱ्याला चोराचं नाव ठाऊक नसतं. इथलं पाऊल आणि ओढ्यापलीकडचं पाऊल एकाच माणसाचं आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. नाव पुढे कधीतरी कळतं. री-आयडीही हेच करते, फक्त पावलांच्या जागी शर्टाचा रंग, खांद्यांची ठेवण, उंची आणि पिशवी असते.

सार्वजनिक जागेतल्या पाळतीवर वाद होतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी चेहऱ्यावर येऊन थांबतो. चेहरा ओळखणारी यंत्रणा असावी की नसावी, तिचे नियम काय, तिच्या चुका किती. हा वाद गरजेचाच आहे. पण आपण सगळा पहारा पुढच्या दारावर बसवला आणि मागचं दार सताड उघडं राहिलं, असं मला वाटतं. पाळत ठेवणाऱ्याची खरी ताकद दोन वेगवेगळ्या जागांची चित्रं जोडता येण्यात आहे. ती जोडणी चेहऱ्यावरून झाली, चालीवरून झाली की हिरव्या जॅकेटवरून, याला फारसं महत्त्व नाही. नियम करायचा तर तो जोडणीवर करायला हवा.

हे काम होतं कसं ते आधी पाहू. एकाच कॅमेऱ्यासमोर माणूस असेपर्यंत त्याच्या मागे राहणं सोपं असतं. या क्षणाला तो इथे होता, तर पुढच्या क्षणाला फार तर एक पाऊल पुढे असणार. कॅमेऱ्याची हद्द संपली की धागा तुटतो. पाच मिनिटांनी दुसऱ्या कॅमेऱ्यात एक माणूस शिरतो. तो आधीचाच का? मधल्या वेळात सगळंच बदललेलं असतं. पहिला कॅमेरा उंचावर होता, दुसरा खाली आहे. एकाचे रंग पिवळट, दुसऱ्याचे निळसर. आधी तो समोरून दिसला होता, आता बाजूनं दिसतो, त्यात अर्धं अंग खांबाआड. दोन वेगळ्या माणसांची एकाच कॅमेऱ्यातली चित्रं एकमेकांसारखी, आणि एकाच माणसाची दोन कॅमेऱ्यांतली चित्रं एकमेकांपासून वेगळी, असं सर्रास होतं. या विषयाची सगळी अवघड गाठ इथे आहे.

सुरुवातीला संशोधक हातानंच ठरवत होते: रंगांचं प्रमाण मोजा, कापडाचा पोत मोजा, वरचा आणि खालचा भाग वेगळा धरा. २००७ सालच्या 'व्हायपर' या संचात ६३२ माणसं होती आणि प्रत्येकाची दोन कॅमेऱ्यांतून घेतलेली दोनच चित्रं. डीप लर्निंग आल्यावर काय मोजायचं हे ठरवण्याचं काम यंत्राकडे गेलं. मॉडेलला, म्हणजे या शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, एका वेळी तीन चित्रं दाखवतात: एक माणूस, तोच माणूस दुसऱ्या कॅमेऱ्यात, आणि तिसरा कुणी परका. मॉडेल प्रत्येक चित्राचे आकडे करतं. रेसनेट-५० या प्रचलित न्यूरल नेटवर्कवर बेतलेलं मॉडेल असेल तर सहसा २०४८ आकडे. आपल्या माणसाचे आकडे एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत आणि परक्याचे लांब गेले पाहिजेत. तसं झालं नाही तर मॉडेलला दंड बसतो आणि ते स्वतःला थोडं बदलतं. याला 'ट्रिप्लेट लॉस' म्हणतात. लाखो वेळा हे घडलं की मॉडेलला परक्या माणसांच्या गर्दीतही जवळ-लांब कळायला लागतं.

पुढे यात फार हुशारीनं भर पडत गेली. मॉडेल लाल पिशवीच्या भरवशावर राहायला लागलं, तर पिशवी दिसेनाशी होताच ते फसतं. म्हणून ट्रेनिंगच्या वेळी चित्राचा एखादा तुकडा मुद्दाम खोडून टाकतात. पिशवी नाही, आता ओळख पाहू! २०१८ च्या 'पीसीबी' या पद्धतीत माणसाचे डोक्यापासून पायापर्यंत सहा आडवे पट्टे करून प्रत्येक पट्टा वेगळा शिकवला गेला. मार्केट-१५०१ ज्यांनी तयार केला त्यांच्या स्वतःच्या पद्धतीला २०१५ साली जुळणाऱ्या चित्रांच्या रांगेत निम्म्याहून कमी वेळा योग्य माणूस पहिल्या क्रमांकावर आणता येत होता. २०१९ पर्यंत हा आकडा ९४ टक्क्यांच्या वर गेला. चार वर्षांत एवढी मजल क्वचित कुणी मारतं. या कामाचं मला मनापासून कौतुक आहे, आणि माझी भीतीही त्या कौतुकातूनच आली आहे. जे चालतच नाही त्याची कोण कशाला धास्ती घेईल?

आता त्या २०४८ आकड्यांकडे पुन्हा वळू. त्यातला कोणता आकडा शर्टाचा आणि कोणता शरीराचा? मॉडेल बनवणाऱ्यालाही हे सुटं करून सांगता येत नाही. रंग, पोत, बांधा, उभं राहण्याची ढब, केसांची लांबी, सगळं एकमेकांत कालवलेलं असतं. मग एखादा विक्रेता "आम्ही फक्त कपडे पाहतो, बायोमेट्रिक काहीच नाही" असं म्हणाला, तर ते त्याला तरी नक्की माहीत आहे का?

हा प्रश्न कीस काढण्यासाठी विचारत नाही, कारण कायदे नेमके याच रेषेवर उभे आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं २००८ साली खासगी कंपन्यांसाठी केलेला बायोमेट्रिक कायदा कडक म्हणून ओळखला जातो. त्यात डोळ्यांचा पडदा आणि बुबुळ, बोटांचे ठसे, आवाजाचा ठसा, हाताची किंवा चेहऱ्याची ठेवण अशी यादी आहे. त्याच कायद्यात, उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग अशी शारीरिक वर्णनं या यादीत धरायची नाहीत, असंही लिहून ठेवलं आहे. कायदा लिहिला तेव्हा ते समंजसपणाचंच होतं. "उंच, सडपातळ, काळे केस" एवढ्यावरून माणूस सापडतो असं तेव्हा कुणाला वाटणार? सॅन फ्रान्सिस्कोनं मे २०१९ मध्ये शहराच्या खात्यांना फेशियल रेकग्निशन वापरायला बंदी घातली. नावातच फेशियल आहे. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला आणि त्यातल्या बंदीच्या तरतुदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाल्या. सार्वजनिक जागी पोलिसांनी दुरून, त्याच क्षणी बायोमेट्रिक ओळख पटवण्यावर त्यात मोजके अपवाद सोडून बंदी आहे. त्यातली बायोमेट्रिकची व्याख्या शरीर आणि वागणूक दोन्ही धरते, म्हणजे ती इलिनॉयपेक्षा रुंद आहे. पण जॅकेट आणि पिशवी त्यात कशी बसवायची? शरीर आणि कपडे एकाच आकड्यांत कालवणारं मॉडेल रेषेच्या अलीकडे की पलीकडे? वाद घालायला भरपूर जागा आहे, आणि ज्याला ती जागा हवी आहे तो ती वापरणारच.

ती वापरलीही जाते आहे. अमेरिकेतल्या व्हेरिटोन कंपनीचं 'ट्रॅक' नावाचं साधन बांधा, केस, कपडे, जवळचं सामान यांवरून वेगवेगळ्या चित्रफितींतून एकच माणूस शोधून देतं, आणि चेहरा वापरत नाही हेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जातं. २०२५ मध्ये ही बातमी आली, तेव्हा चेहऱ्यावरच्या बंद्यांना वळसा घातला जातो आहे, हीच त्यावरची मुख्य टीका होती.

यावर एक उत्तर नेहमी येतं: नावच माहीत नसेल तर बिघडलं काय? ४१७ क्रमांकाचा कुणीतरी या दारातून शिरला आणि त्या दारातून निघाला, यात कुणाचं काय गेलं?

बाल्टिमोरमध्ये हाच प्रश्न न्यायालयासमोर गेला होता. २०२० साली तिथल्या पोलिसांनी सहा महिने विमानं फिरवून शहराचे फोटो काढले, सेकंदाला एक. इतक्या उंचीवरून माणूस म्हणजे फक्त एक ठिपका. चेहरा, कपडे, बाई की पुरुष, काहीही कळत नव्हतं. पोलिसांची बाजू अशी की ठिपक्याला कसली आली खासगी बाब. २०२१ साली अमेरिकेच्या चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयानं 'लीडर्स ऑफ अ ब्युटिफुल स्ट्रगल' या संस्थेच्या खटल्यात ती बाजू नाकारली. ठिपका रात्री कुठे थांबतो आणि सकाळी कुठून निघतो हे कळलं की तो कुणाचा हे शोधायला फार कष्ट पडत नाहीत, त्यातून जमिनीवरचे कॅमेरे आणि गाड्यांचे नंबर टिपणारी यंत्रं जोडीला असतील तर मुळीच नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशांनी 'चित्रात काय दिसतं' यावर न थांबता 'चित्रं जोडल्यावर काय कळतं' हे पाहिलं.

याला आकड्यांचाही आधार आहे. इव्ह-अलेक्सांद्र द माँज्वा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली होती. कुठे आणि केव्हा असे फक्त चार ठिपके माहीत असतील, तर ९५ टक्के लोक त्या गर्दीत एकमेव ठरत होते. चार ठिपके! कॅमेऱ्यांचं जाळं असलेल्या कुठल्याही इमारतीत एवढे ठिपके दुपारपर्यंत जमतात. आणि नाव कळायला एकच जागा पुरते. दारावर दाखवलेलं ओळखपत्र, कार्डानं दिलेले पैसे, गाडीची नंबरप्लेट. नावाची सुई एका ठिकाणी टोचली की सगळा धागा तिच्या मागून ओवला जातो, आधीचाही आणि नंतरचाही.

'आधीचाही' यावर थोडं थांबते. चित्रफीत साठवली जाते तेव्हा ती कोणी जोडेल असं बऱ्याचदा कुणाच्या मनातही नसतं. वर्षभरानं नवं मॉडेल येतं आणि ते जुन्या चित्रफितींवरही चालतं. त्याहून अडचणीची गोष्ट आकड्यांची आहे. फुटेज ठरावीक दिवसांनी पुसायचा नियम पुष्कळ ठिकाणी असतो, कारण फुटेज खूप जागा खातं. पण एका चौकटीचे २०४८ आकडे म्हणजे साध्या हिशेबानं ८ किलोबाइट. एक लाख चौकटींचे आकडे मिळून साधारण ८०० मेगाबाइट होतात, म्हणजे ते एका पेनड्राइव्हवर मावतात. फुटेज पुसलं, आकडे राहिले, तर काय पुसलं? पुढच्या कॅमेऱ्यातला माणूस त्या आकड्यांशी जुळवता येतोच. फुटेजबद्दल विचारणाऱ्याला "आम्ही तीस दिवसांनी सगळं पुसतो" हे उत्तर खरंही असेल आणि पोकळही.

आता चुकांकडे येते. हे तंत्र अचूक असल्यामुळे भीती वाटते, असं मी वर म्हटलं. ते चुकतं, याचीही भीती तितकीच आहे, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

मी एका प्रात्यक्षिकाला गेले होते. कोणाचं ते सांगत नाही, कारण तिथे पाहिलेली गोष्ट इतरत्रही आढळेल. मोठा पडदा होता, डावीकडे शोधायच्या माणसाचं चित्र आणि उजवीकडे दहा चित्रांची रांग, प्रत्येकाखाली जुळणीचा स्कोअर. दाखवणारा तरुण हसतमुख आणि आपल्या कामात मुरलेला. त्यानं तीन-चार जणांना शोधून दाखवलं आणि खरंच पहिल्या-दुसऱ्या जागी बरोबर माणूस आला. मग मी म्हटलं, आत्ता दारातून आलेल्या त्या काळ्या कोटवाल्या गृहस्थांना शोधा. ते माझ्याबरोबर आले होते आणि दुसऱ्या मजल्यावर गेलेच नव्हते, हे मला माहीत होतं. त्यानं दुसऱ्या मजल्याचं फुटेज निवडून बटण दाबलं. रांग आली. दहा चित्रं, दहा स्कोअर, पहिल्या जागी काळा कोट घातलेला एक अनोळखी माणूस. स्कोअर आधीच्या बरोबर निघालेल्या उत्तरापेक्षा थोडाच कमी. पडद्यावर दोन्ही उत्तरं एकसारखी ठाम दिसत होती.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. या विषयाची सगळी मोजदादच तशी आहे. 'रँक-१ अचूकता ९४ टक्के' हा आकडा ज्या परीक्षेतून येतो, त्या परीक्षेत शोधायचा माणूस संचात असतोच, याची आधीच खात्री केलेली असते. रांगेत पहिला कोण एवढंच विचारलेलं असतं, आणि रांगेत कोणीतरी पहिला असणारच. खऱ्या कामात बहुतेक वेळा माणूस त्या फुटेजमध्ये नसतो. तिथे "कोणीच नाही" हे बरोबर उत्तर असतं, आणि ९४ टक्क्यांचा तो आकडा त्या उत्तराबद्दल काहीच सांगत नाही. संशोधकांना हे माहीत आहे, त्यावर 'ओपन-सेट' नावानं कामही होतं. पण विक्रीच्या कागदावर छापला जातो तो पहिलाच आकडा.

हिशेब करून पाहा. समजा एखादी यंत्रणा हजारातून एकाच परक्या माणसाला चुकून जुळवते. ऐकायला उत्तमच. दिवसभरात कॅमेऱ्यांसमोरून ५०,००० माणसं गेली तर ५० परकी माणसं जुळली. खरा माणूस त्यात असलाच तर एक. यंत्रणेनं बोट दाखवलेल्या ५१ जणांपैकी ५० जणांचा कशाशीच संबंध नाही. हे ५० जण कोण असतील? ज्यांचे कपडे इतरांसारखे आहेत ते. एकाच रंगाचा गणवेश घालून काम करणारे, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, सामान पोचवणारे, शाळेची मुलं. ज्यांना वेगळं दिसायची मुभा नाही, त्यांच्याच वाट्याला चुकीची जुळणी जास्त येणार. हे सांगायला अभ्यास लागत नाही, हा तंत्राच्या घडणीचाच परिणाम आहे: मॉडेल फरकांवर जगतं आणि गणवेश फरक पुसतो.

शिवाय ९४ टक्के ज्या कॅमेऱ्यांवर मिळाले, त्यांच्यावरच ते खरे. एका संचावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या संचावर लावून पाहिलं तेव्हा अचूकता निम्म्यावर किंवा त्याखाली आल्याचं संशोधक स्वतःच वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. कपडे बदलले की काय होतं हे पाहायला २२१ माणसांचा 'पीआरसीसी' हा संच केला गेला. तेच कपडे असताना जवळजवळ न चुकणारी मॉडेलं कपडे बदलल्यावर निम्म्याहून अधिक वेळा चुकली. रात्री इन्फ्रारेड कॅमेऱ्यात रंगच नसतो, तो आणखी वेगळा प्रश्न. आपल्या इमारतीत, आपल्या उजेडात, आपल्या लोकांवर हे किती चुकतं, हे मोजल्याशिवाय ते लावणं म्हणजे वजनकाटा न तपासता दुकान मांडणं आहे.

एवढं सगळं म्हणूनही एक प्रश्न मला टाळता येत नाही. गर्दीत हात सुटलेलं लहान मूल. स्मृतिभ्रंश झालेले आणि दार उघडं दिसल्यावर बाहेर पडलेले वडील. त्यांच्या अंगावर काय कपडे होते हे घरच्यांना ठाऊक असतं, ते कपडे अजून बदललेले नसतात, आणि चेहरा कॅमेऱ्याकडे असेलच असं नाही. हे काम री-आयडी जितकं चांगलं करील तितकं दुसरं काहीच करणार नाही. शंभर कॅमेऱ्यांचं फुटेज माणसं बसून पाहतील तोवर रात्र उलटून जाईल. असं कुणी माझ्या घरातलं हरवलं तर मी स्वतः त्या पडद्यासमोर उभी राहून "लवकर शोधा" म्हणेन. म्हणून या तंत्रावर सरसकट बंदी घाला असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही.

पण या उदाहरणाकडे नीट पाहा. एक विशिष्ट माणूस शोधायचा आहे. शोधायला सांगणारं कोणीतरी आहे, त्याचं नाव-गाव आहे, सहीची तयारी आहे. काही तासांचं फुटेज लागतं. माणूस सापडला की काम संपतं. चुकीच्या जुळणीची किंमत म्हणजे एखाद्या अनोळखी आजोबांना विचारलेला एक प्रश्न. युरोपच्या कायद्यानंही हरवलेल्यांचा शोध अपवादांत ठेवला आहे. याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा: सगळ्या कॅमेऱ्यांवरची सगळी माणसं, कोणी मागितलेलं नसताना, दिवसरात्र एकमेकांशी जोडली जात आहेत आणि कधीतरी लागेल म्हणून साठवली जात आहेत. यंत्र तेच, मॉडेल तेच, आकडे तेच. फरक एवढाच की पहिल्यात मागणी आधी येते आणि जोडणी नंतर होते, तर दुसऱ्यात जोडणी आधी होऊन बसलेली असते. हरवलेल्या मुलाचं नाव घेऊन दुसरं विकलं जातं, तेव्हा मला राग येतो.

मूळ सामग्रीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ही मॉडेलं शिकली ती माणसांवरच. ड्यूक विद्यापीठाच्या आवारात मार्च २०१४ मध्ये ८ कॅमेऱ्यांनी प्रत्येकी ८५ मिनिटं चित्रण केलं. २,७०० हून अधिक लोक त्यात आले, बहुतेक वर्गांकडे जाणारे-येणारे विद्यार्थी. २०१६ साली तो संच सर्वांसाठी खुला झाला आणि या विषयातला एक मापदंडच होऊन बसला. संशोधक ॲडम हार्वे यांच्या 'मेगापिक्सल्स' प्रकल्पानं तो कुठे कुठे वापरला गेला, पाळतीची यंत्रं करणाऱ्या कंपन्यांपर्यंत, हे दाखवल्यावर २०१९ मध्ये विद्यापीठानं तो काढून घेतला. नीतिमत्ता समितीनं परवानगी दिली होती ती बंद जागेतल्या चित्रणाला, आणि सामग्री मागणाऱ्यालाच देण्याच्या अटीवर. चित्रण झालं उघड्यावर आणि सामग्री मिळाली कुणालाही. प्रमुख संशोधक कार्लो टोमासी यांनी विद्यार्थ्यांची जाहीर माफी मागितली. ती त्यांनी मागितली याचा मला आदर आहे. पण संच काढला म्हणजे तो गेला, असं झालं नाही. त्याच्यापासून बनवलेले संच आणि नकला फिरत राहिल्या, त्यावर शोधनिबंध निघत राहिले, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिलं. त्या आवारातून त्या दिवशी घाईनं वर्गाला निघालेल्या मुलांना आपल्यावर काय काय शिकवलं गेलं हे कधी कळणार?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कायद्यात अवयवांच्या याद्या वाढवत बसू नका, चेहरा झाला, आता चाल घाला, मग बांधा घाला. ज्या साधनानं दोन जागांची किंवा दोन वेळांची चित्रं एकाच माणसाची म्हणून जोडली जातात, त्याला ओळख पटवणं म्हणा, मग ते कशावरूनही जोडत असो. जोडणी कोणी सांगितलं म्हणून झाली, कोणासाठी, किती तासांच्या फुटेजवर, याची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद यंत्रणा चालवणाऱ्याच्या हाताबाहेर असली पाहिजे. फुटेज पुसण्याचा नियम आकड्यांनाही लावा. यंत्रणा बसवण्याआधी तिथल्याच कॅमेऱ्यांवर चुका मोजा आणि त्या मोजताना गणवेशातल्या लोकांचा हिशेब वेगळा द्या. जुळणीवरून कोणाला अडवायचं असेल तर त्या आधी माणसानं मूळ फुटेज पाहिलं पाहिजे, नुसता स्कोअर नाही. मूल हरवलं असेल तर यातल्या कशानंही शोध थांबत नाही, नोंद करायला मिनिट लागतं.

आणि त्या प्रात्यक्षिकातल्या पडद्यावर 'पुढची दहा चित्रं' असं एक बटण होतं. 'यांत कोणीच नाही' असं बटण नव्हतं. ते का नाही, असं मी विचारलं, तेव्हा तो तरुण क्षणभर गप्प झाला आणि मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, ते आम्हाला कोणी मागितलंच नाही." मी ते इथे मागते आहे.